माळावरची ऐरण

खैरदरा गावाच्या उगवतीला एक बोडका माळ आहे. त्यावर झाड नाही, देऊळ नाही. वर पोचलं की काळ्या कातळात रुतलेली एक लोखंडी ऐरण दिसते, अर्धी खडकात, अर्धी बाहेर. तिच्याभोवती जुन्या लोखंडाचा गुडघाभर ढीग आहे. झिजलेले फाळ, मोडके विळे, बिनदांड्याच्या कुऱ्हाडी. पिढ्यान्‌पिढ्यांचा गंज चढून सगळं एकजीव झालेलं. भंगार गोळा करणारे सगळ्या मुलखात हिंडतात, पण या ढिगाला कुणी हात लावत नाही. बालाघाटाच्या या रांगेत दरसाल विजा पडतात, गोठ्यात बांधलेली जनावरं दगावतात. खैरदऱ्याच्या वस्तीत मात्र वीज पडल्याचं कुणाच्या आठवणीत नाही. पडते ती माळावर.

पाहुणे आले की हणमंतबप्पा त्यांना वर घेऊन येतात. बप्पा वयानं वाकलेत, पण चढताना कुणाचा हात धरत नाहीत. ऐरणीपाशी आल्यावर आधी वहाणा काढतात, खाली टेकतात, दम खातात, आणि मग सांगायला लागतात. ते सांगतात ते असं.

फार मागची गोष्ट. किती मागची ते कुणालाच ठाऊक नाही. त्या साली म्हणे आभाळाचं तंत्रच बिघडलं होतं. मिरगात धूळ उडाली आणि पौषात ओढे वाहिले. ऐन माघाच्या थंडीत ढग गडगडायला लागले. ज्वारी काढणीला आली तर गारा पडल्या. पिकलेल्या केसांच्या माणसांनीही असं कधी पाहिलं नव्हतं. लोक खळ्यावर जाताना आधी वर बघायचे, मग एकमेकांकडं बघायचे, आणि पुढं जायचे.

त्याच फाल्गुनात जमनाईचं पाल गावाबाहेर पडलं. ती घिसाड्यांची, म्हणजे गावोगाव फिरून लोखंडाचं काम करणाऱ्यांची. दरसाल याच दिवसांत ही माणसं खैरदऱ्याला यायची. नवरा लखू भाता चालवायचा आणि तापलेलं लोखंड सांडशीत धरायचा; घण मारायची जमनाई. सकाळी गावाबाहेरून घणाचा आवाज आला की बाया म्हणायच्या, जमनी आली, विळे काढून ठेवा गं.

त्या वर्षी सून राधी दिवसांत होती. मुलगा गाडा घेऊन कोळशासाठी लांबच्या रानात गेला आणि तो यायच्या आतच राधी पालात बाळंत झाली. मुलगी झाली. जमनाईनं नाळ कापली, लेकराला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि रिवाजाप्रमाणं उशाशी एक छोटा विळा ठेवला. जवळ लोखंड असलं की लेकराला काही बाधत नाही, अशी तेव्हाची समजूत.

इकडं विजा जवळजवळ येत होत्या. पहिली लांब शिवारात बाभळीवर पडली होती. पुढची विहिरीवरच्या लिंबावर पडली. मग एकाचा बैल गोठ्यात जागच्या जागी गेला. आणि राधी बाळंत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, पाऊस नाही काही नाही, कोरडी वीज केरबा पाटलाच्या कडब्याच्या गंजीवर उतरली. गंजी घराच्या परड्यातच होती. सगळ्या गावानं घागरी ओतल्या तेव्हा कुठं घर वाचलं.

चावडीवर माणसं जमली. कुणीतरी म्हणालं की वीज लोखंडावर येते. दुसरा म्हणाला, घिसाड्यांची ऐरण वेशीशी आली तेव्हापासून ती घरांकडं सरकायला लागली. ढग तर माघापासूनच गडगडत होते, पण ते त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. केरबा पाटील वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या गंजीची राख अजून गरम होती. तो माणसं घेऊन पालापाशी आला आणि म्हणाला की दिवस मावळायच्या आत इथून उठा.

जमनाई चुलीपाशी बसली होती. ती उठली, पदर सारखा केला. तिला राग आला नाही, असं सांगतात. तिच्याही मनात तीच भीती होती. वीज चमकली की ती आधी ऐरणीवर पोतं टाकायची, मग लेकरावर हात. तिच्या बापानं ती ऐरण आंदण दिली होती, तिच्यावर सगळ्यांची पोटं भरली होती, आणि तीच ऐरण आता लोकांच्या जिवावर उठली असेल तर, या विचारानं तिला झोप नव्हती.

ती म्हणाली, "पाटील, लोखंडाचं म्हणता, तर मी नाही म्हणत नाही. मलाच ठाऊक नाही. पण पोरीची अजून पाचवी पुजली नाही. गाडा इथं नाही. या आभाळात ओली बाळंतीण कुठं नेऊ?"

जा म्हटलेलं परत घ्यायला कुणी पुढं झालं नाही.

तेवढ्यात पाटलाची म्हातारी आई गोदाई माणसांतून वाट काढत आली. तान्ह्या लेकराचं रडणं तिनं वेशीतून ऐकलं होतं. ती सरळ पालात शिरली, लेकरू उचललं, राधीला हाताला धरून उठवलं आणि बाहेर आली.

"ही माझ्या माजघरात निजंल," ती म्हणाली. "विजेला यायचं आसंल तर येऊ दे. आमचं घर तिला आता ठाऊक झालंच हाय."

पाटील काहीतरी बोलायला गेला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. घोंगडीखाली लेकरू धरून, राधीच्या पावलानं पावलं टाकत ती गावात निघून गेली.

जमनाई बघत राहिली. आजवर शेकडो गावांच्या वेशीबाहेर तिनं पाल ठोकलं होतं, पण वेशीच्या आत, कुणाच्या माजघरात, तिचं माणूस कधी निजलं नव्हतं. मग तिनं बाकीच्यांच्या तोंडाकडं पाहिलं. कुणी रागात नव्हतं. सगळे घाबरलेले होते. म्हातारीनं आपलं अख्खं घर पणाला लावलंय हे तिला उमगलं. मावळतीकडं ढग पुन्हा चढत होते.

ती पाटलाला म्हणाली, "लेकरू तुमच्या घरात राहू द्या. लोखंड मी गावापासून लांब नेते. माळावर घर नाही, गोठा नाही. पडायची ती तिथं पडंल."

तिनं आवराआवर सुरू केली. लखूचा पाय मागं कधीतरी भाजून अधू झालेला, त्याला माळ चढणं जमणार नव्हतं. तो नुसता बघत बसला. घण, हातोडे, सांडशी, छिन्न्या, कानशी, सगळं तिनं पोत्यात भरलं. ऐरणीला हात घातला तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"ऐरण गेली तर मग आपण कोण गं?" त्यानं विचारलं.

"आजा-आजी," जमनाई म्हणाली, आणि तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली.

निघण्याआधी ती पाटलाच्या घरी गेली आणि लेकराच्या उशाचा विळा मागितला. गोदाई म्हणाली, एवढासा तर विळा, राहू दे, लेकराला उघडं टाकू नकोस. जमनाईचा हात घुटमळला. पण शब्द दिला होता, सगळं लोखंड नेते म्हणून. तिनं विळा उचलून कमरेला खोचला. तेव्हा गोदाईनं तिथं, उशीपाशी, आपला हात ठेवला. विळ्याच्या जागी माझा हात राहील, तू परत येईस्तोवर मी तो उचलत नाही, असं ती म्हणाली म्हणे.

एक खेप पोत्याची, एक ऐरणीची. माळावर कातळाला एक चीर होती. तिच्यात तिनं ऐरणीच्या बुडाचा खिळा बसवला आणि घणानं ठोकला. तो आवाज गावात सगळ्यांनी ऐकला. बाया दारात येऊन उभ्या राहिल्या, पण त्या दिवशी विळे काढून ठेवा असं कुणी म्हणालं नाही. ठोकून झाल्यावर तिनं भोवती सगळी हत्यारं मांडली, घण ठेवला, आणि शेवटी तो एवढासा विळा.

मग तिनं विजेला हात जोडले. ती काय बोलली ते ऐकायला तिथं कुणी नव्हतं, पण गावात पिढ्यान्‌पिढ्या असंच सांगतात: "माय, तुला लोखंड पाहिजे तर हे घे. माझ्यापाशी यापरतं काही नाही. खाली माझं लेकरू आहे, आणि ज्यांनी त्याला घरात घेतलं ती माणसं आहेत. तिकडं जाऊ नकोस."

ती उताराला लागली आणि घळीपर्यंत पोचली, तोच मागं आभाळ फाटलं. उजेड असा पडला की गावातल्या माणसांना एकमेकांची तोंडं पांढरी दिसली. वीज माळावर पडली. पुन्हा पडली, आणि पुन्हा. जणू तिला दुसरी जागाच ठाऊक नव्हती. मग पाऊस आला. साधा, सरळ, धारांचा पाऊस. गावात एक कौल हललं नाही, एक वासरू बिचकलं नाही.

काही जण सांगतात की जमनाई त्या उजेडात गुप्त झाली. बप्पांना ते पटत नाही. ते म्हणतात, गुप्त होऊन तिला काय करायचं होतं? खाली नात होती.

पाऊस थांबायची वाट न बघता केरबा पाटील माळाकडं धावला. घळीत जमनाई दोन्ही कानांवर हात घेऊन बसली होती, चिखलानं माखलेली, पण जिवंत. तिनं त्याला काहीतरी विचारलं. त्यानं उत्तर दिलं, पण तिला ते ऐकू आलं नाही. तेव्हा पाटलानं दोन्ही हातांचा पाळणा करून हलवून दाखवला, आणि हसला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग ती उठली. पुढं तिला एका कानानं कधीच ऐकू आलं नाही. ती म्हणायची, घणाचा आवाज ऐकून ऐकून तो कान तसाही थकला होता.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव माळावर गेलं. बघतात तर ऐरण कातळात अर्धी उतरलेली, जणू खडक मेणासारखा मऊ होऊन पुन्हा थिजला होता. घण आणि हत्यारं तिच्या अंगाला चिकटलेली. बैल जुंपून ओढलं तरी हललं नाही. जमनाईनं ऐरणीला हात लावला, कपाळ टेकलं आणि लोकांना म्हणाली की राहू द्या, विजेनं घेतलंय ते घेतलं.

खाली आल्यावर ती गोदाईच्या पाया पडायला वाकली. गोदाईनं तिला मधेच धरलं. तुझ्यामुळं गाव वाचलं, पाया आम्ही पडायचं, असं म्हातारी म्हणायला लागली. जमनाईचं म्हणणं उलटं. मी नुसतं लोखंड माळावर ठेवलं, तुम्ही तर जळायची भीती असताना माझी माणसं घरात ठेवलीत. दोघीही हटेनात. लेकरू भुकेनं रडायला लागलं तेव्हा कुठं तो वाद थांबला. बप्पा म्हणतात, तो अजून मिटलेला नाही, आणि मिटूही नये.

मग गावानं घराघरांतून लोखंड आणलं. कुणी फाळ दिला, कुणी कुऱ्हाड. पाटलानं आपल्या गाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा काढून दिल्या आणि त्या पेरणीला तो दुसऱ्याची गाडी मागत फिरला. शेजारच्या गावच्या लोहारानं त्या सगळ्याची नवी ऐरण आणि नवा घण करून दिला. पाल उठवून लखूनं पाटलाच्या परड्यात भाता लावला. तेवढ्यात मुलगाही कोळसा घेऊन परतला आणि गावाबाहेर पाल दिसेना म्हणून घाबरून वेशीत उभा राहिला, तर त्याला लोकांनी बोट धरून पाटलाच्या घरी नेलं. बारसं त्याच माजघरात झालं. मुलीचं नाव कुणी विजा सांगतात, कुणी गोदा. बप्पा म्हणतात, नावाचं सोडा, पोर जगली.

मध्यंतरी एका पाहुण्यानं बप्पांना समजावून सांगितलं की उंचावर लोखंड असलं की वीज त्याच्यावरच उतरते, मोठ्या इमारतींवर तेवढ्यासाठीच सळई लावतात. बप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तसंच आसंल," ते म्हणाले. "चांगलंच हाय की. पण तिला कुठं ठाऊक होतं ते? ती आपली तशीच गेली."

आजही गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी खैरदऱ्यातल्या घराघरांतली बाई वर्षभरात झिजलेलं लोखंड घेऊन अनवाणी माळ चढते आणि ऐरणीपाशी ठेवून येते. आजही या गावात तान्ह्याच्या उशाशी विळा ठेवत नाहीत. घरातली थोरली बाई पहिल्या दिवशी तिथं आपला हात ठेवून बसते. आणि जमनाईची ती नात मोठी होऊन पहिल्या बाळंतपणाला कुठं गेली म्हणाल, तर इथंच आली. तिच्या लेकी आल्या, लेकींच्या लेकी आल्या. मग इतर फिरत्या माणसांनाही ते कळलं. वडार, नंदीवाले, घिसाडी, ज्यांचं गाव म्हणून काही नाही, ते आजही पोरीचे दिवस भरत आले की तिला खैरदऱ्यात आणून सोडतात. हल्ली बाळंतपणं सरकारी दवाखान्यात होतात, पण तिथून परत आणतात ते इथल्याच कुणाच्यातरी घरी. यंदा कुणाच्या घरी ठेवायची, यावरून बायांची भांडणं होतात.

एवढं सांगून झालं की बप्पा उठतात. परवा उठले तेव्हा मावळतीला ढग चढत होते आणि दिवस काही पावसाचे नव्हते. पाहुणे आभाळाकडं बघायला लागले. बप्पांनी ऐरणीवर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला, आणि वहाणा हातात घेऊन उताराला लागले.

"चला बिगीबिगी," ते म्हणाले. "यंदा बाळंतीण आमच्या घरी हाय. मालकीण रानात गेलीय, लेकरू उठलं आसंल."