चांदीच्या साळुंक्या

एका राज्यात चोर फार माजले, तेव्हा भद्रसेन राजाने मांत्रिकाकडून चांदीच्या साळुंक्या घेतल्या आणि घरोघरी आढ्यावर बसवल्या. दिवसभर पाहायचे आणि सांजेला सगळे राजाच्या कानी घालायचे, हे त्यांचे काम. चोऱ्या थांबल्या. राजा खुशीत मिशीला पीळ देऊ लागला. तेवढ्यावर थांबेल तर तो राजा कसला! लेकीच्या, मृणावतीच्या महालातही त्याने एक साळुंकी ठेवली. काळजीपोटी, असे म्हणाला.

मग जात्यावरच्या ओव्या बंद झाल्या. पाणवठ्यावरची भांडणे विझली. शेवटी मृणावतीची वाचाच गेली. वैद्यांनी हात टेकले.

राजाने साळुंकीला विचारले, "हा कसला शाप?"

"आमच्या नजरेचा," साळुंकी म्हणाली. "तीन घरी जा, राजा. तुझ्या येण्याने जिथे माणूस बोलेल, तिथे उतारा."

राजा वाटसरू होऊन निघाला. पहिल्या घरी खिडकीतून डोकावला. रडणाऱ्या बाईने झटकन पाठ फिरवली. दुसऱ्या घरी दाराआड कान देऊन उभा राहिला. खाणाखुणा करणारी म्हातारा-म्हातारी थिजून बसली. राजाला स्वतःचीच लाज वाटली.

तिसऱ्या घरी अंगणात मिरच्या वाळत होत्या. ठसका लागून राजा दाराबाहेरच मोठ्याने खाकरला.

"कोण आहे?" आतून आवाज आला. "थांबा हं, पदर सावरते."

बाई डोळे पुसून दारात आली. "या बाबा, बसा. किती दिवसांनी कुणी खाकरून आलं!"

राजा चमकला. या राज्यात पूर्वी पहारेकरीसुद्धा उंबऱ्याशी खाकरत, घरच्याला सावरायला वेळ देत. खाकरण्याने चोर सावध होतात म्हणून त्यानेच ती रीत मोडली होती.

तो धावतच परतला. "पाखरांनो, उतरा!"

"महाराज, पण चोर?" प्रधान घाबरला.

"चव्हाट्यावर पहारे ठेवा, सगळ्यांना दिसतील असे. उंबऱ्याशी मात्र खाकरावे. राजानेसुद्धा."

चांदी झडली. खऱ्या साळुंक्या होऊन त्या भुर्रकन उडाल्या आणि पाहिलेले सारे विसरल्या.

राजा लेकीच्या बंद दाराशी गेला. तो खाकरला. आतून मृणावतीचा आवाज आला.

"आबासाहेब, आत्ता नको."

राजाचे डोळे भरून आले. "बरं, बाळ," तो म्हणाला, आणि राज्याचा धनी आनंदाने दाराबाहेर बसून राहिला.