येणारं ऊन आणि न जाणारी ऊब

डोंगरांच्या पलीकडे, पाऊलवाटा संपून घोषणा सुरू होतात तिथे, वैभववन नावाचं जंगल होतं. धोंडराज नावाचा गवा तिथला राजा होता. राजा रीतसर निवडून आलेला होता. त्याच्याविरुद्ध उभं राहायला परवानगी लागायची आणि ती तोच द्यायचा, त्यामुळे निवडणुका अगदी शांततेत पार पडत.

या राज्यात तारामती नावाची घार सरकारी नोकरीत होती. ढगांच्याही वर जाऊन जंगलाभोवती घिरट्या घालायच्या, हे तिचं काम. म्हणून तिच्या हुद्द्याचं नाव होतं उपग्रह. तिच्या पाठीवर काचेची एक डबी बांधलेली होती. सूर्याकडून किती ऊन येतं, ते ती मोजायची. दुसरी डबी पोटाला होती. जंगलावरून परत फिरलेला उजेड आणि वर निघून जाणारी ऊब ती मोजायची. आलेलं आणि गेलेलं सारखं असलं की जंगल ठीक.

एका उन्हाळ्यात तारामती दरबारात आली ती चेहरा पाडूनच.

"महाराज, ऊन पूर्वीइतकंच येतंय. पण ऊब पूर्वीसारखी परत जात नाही. आपल्याकडेच साठत चाललीय."

"का जात नाही?"

"कोळशाच्या भट्ट्यांचा धूर वर गोधडीसारखा पसरलाय. तो उन्हाला आत येऊ देतो, उबेला बाहेर जाऊ देत नाही."

भट्ट्या तरसांच्या होत्या आणि तरस महाराजांचे मेहुणे होते. गव्याला तरस मेहुणे कसे, हे वैभववनात कोणी विचारत नसे.

प्रधान रंगोजी सरडा चटकन सिंहासनाच्या रंगाचा झाला. "महाराज, अभिनंदन! आवक जास्त, जावक कमी. यालाच तर भरभराट म्हणतात!"

त्याच संध्याकाळी महाराजांनी सभा घेतली. "बंधूंनो आणि भगिनींनो! मागच्या राजांच्या काळात ऊब यायची आणि निघून जायची. का जायची? कारण तिला इथे मान नव्हता! आज तीच ऊब म्हणते, मी वैभववन सोडून कुठेही जाणार नाही!"

माकडांनी फांद्या हलवल्या. "आली ऊब, टिकली ऊब! धोंडराज आवडले खूब!"

तळ्याकाठी राहणारी सगुणा टिटवी मात्र टाळ्या न वाजवता दरबारात गेली. "महाराज, माझी अंडी उघड्या खड्यांवर असतात. मागच्या खेपेची सगळी उकडून गेली. या खेपेला मी पोट भिजवून त्यांच्यावर बसते. पण तळंच आटत चाललंय. पोट भिजवू कशात?"

"टिटवीच ती," रंगोजी म्हणाला. "ओरडायचीच."

महाराज मायेने हसले. "बाई, तुम्ही अंड्यांचा विचार करता. मला सगळ्या जंगलाचा करावा लागतो."

तरी कुजबुज वाढलीच. मग चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष एक अनुभवी तरस होता. ही ऊब शेजारच्या जंगलाने मुद्दाम पाठवलेली आहे, असं समितीला आढळलं. कालपर्यंत मानाची पाहुणी असलेली ऊब घुसखोर ठरली. माकडांनी घोषणा बदलली, चाल तीच ठेवली.

पाठोपाठ फर्मान निघालं. वरून खाली जंगलाकडे पाहणे हा जंगलाचा अपमान आहे, उपग्रहाने यापुढे फक्त वर पाहावे. तारामतीच्या पोटाची डबी लाखेने बंद करण्यात आली.

"मग इथे किती ऊब राहिली, ते कळणार कसं?" तिने विचारलं.

"कळलं की लोक विचारतात," रंगोजी समजुतीच्या सुरात म्हणाला. "आणि मोजायचंच असेल, तर महाराजांच्या गुहेत झऱ्याजवळ मोजू. तिथे छान गार असतं."

तारामतीने दोन्ही डब्या सोडून सिंहासनापुढे ठेवल्या आणि ती तळ्याकाठी उतरली. घार पाहून सगुणाने आकाशपाताळ एक केलं.

"अंडी खायला आलीस ना?"

"नाही गं. तू जा, चिखल का होईना, त्यात पोट भिजवून ये. तोवर मी सावली धरते."

सगुणा जागची हलेना. घारीवर विश्वास ठेवायला तिच्या आईने कधी शिकवलं नव्हतं. पण दुपार चढत होती आणि अंडी तापत होती. शेवटी ती मागे वळून वळून बघत गेली. परतली तेव्हा तारामती पंख पसरून तशीच उभी होती. तिला भूक लागली होती, म्हणून ती मान वर करून आभाळाकडे बघत होती.

असं रोज चाललं. ते पाहून बगळे आले, गिधाडंही आली आणि पंख पसरून इतरांच्या घरट्यांवर उभी राहिली. ऊब साठतच होती, फक्त ती आता कोणी मोजत नव्हतं. पण सगुणाची पिल्लं अंड्यातून बाहेर आली. काटकुळ्या पायांवर पडत-धडपडत ती चालू लागली, तेव्हा दोघी पंख पसरून त्यांच्यामागे सावली धरत फिरल्या.

दुसऱ्या दिवशी रंगोजी तळ्याकाठी येऊन भलामोठा फलक उभारून गेला. 'महाराज धोंडराज यांच्या कृपेने, राजछत्र सावली योजना.' फलकावर महाराज हसत होते. फलकाची सावली चांगली ऐसपैस पडली होती. पिल्लं तिकडे धावली. फलकाशेजारी नेमलेल्या माकडाने त्यांना हात आडवा केला.

"सावली मिळेल," ते म्हणालं, "आधी वर बघून आभार माना."