पितळी कोंबड्याचे वाकडे बोट

शंखपूर नगरीत अरिंजय राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने एका परीक्षकाच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सोमदंत. हत्तींचे, घोड्यांचे, रत्नांचे परीक्षक पुष्कळ असतात; हा कोंबड्यांचा परीक्षक होता. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण शंखपुरात या कामाला मोठा मान होता.

त्याचे कारण असे. राजाच्या आजोबांच्या काळी नदीचा बांध फुटला, तेव्हा एका कोंबड्याने अवेळी आरवून सारे नगर जागे केले होते. आजोबांनी राजवाड्यापुढे त्याची पितळी मूर्ती बसवली आणि घरोघर त्याचा वंश पाळला जाऊ लागला. दरवर्षी थंडीच्या तोंडी पाळणारे आपापले कोंबडे घेऊन मूर्तीपुढे जमत. मूर्तीशी जो हुबेहूब जुळे, तो वंशवाढीसाठी राजाच्या खुराड्यात जाई. ज्याच्यात मोठा दोष निघे, त्याच्या मालकाचा सगळा कळप राजाच्या स्वयंपाकघरात जाई.

सोमदंत गुणदोष मालकाच्या तोंडावर सांगे. "तुऱ्याचे दाते पाच आहेत, पण शेवटचा मानेवर आडवा झालाय. पाठ चांगली. शेपूट मात्र खारीसारखी उभी आहे, हिला थोडा कल हवा." फजिती झालेला माणूसही त्याच्यावर रागावत नसे, कारण बोललेले खरे असे. त्याला खोड एकच होती. एखादी गोष्ट तशी का आहे हे कळेपर्यंत त्याला चैन पडत नसे.

त्या वर्षी त्याची झोप एका बोटाने उडवली होती. मूर्तीच्या डाव्या पायाचे मागचे बोट बाहेर वळलेले होते, आणि तीच या वंशाची सर्वांत मोठी खूण समजली जाई. पण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांची बोटे सोमदंताने पाहिली होती. ती सरळ असत. मग ती वाकडी होतात केव्हा? पाळणाऱ्यांना विचारले की ते म्हणत, "वाढता वाढता वंश दिसायला लागतो, आर्य," आणि पावसापाण्याच्या गोष्टी काढत. शिवाय राजाच्या खुराड्यातले कोंबडे दांडीवर न बसता जमिनीवरच झोपत आणि मुंगसाच्या तोंडी पडत. तेही त्याच्या डोक्यात घोळत होते.

परीक्षेचा दिवस उजाडला. या परीक्षेनंतर सोमदंताला प्रधानपद मिळणार, असे सगळे धरूनच चालले होते. आधी गंडक नावाच्या धनिकाचा कोंबडा पुढे आला. त्याचे बोट मूर्तीसारखेच वाकडे होते. मग नगराबाहेर राहणारी विपुला आपला कोंबडा काखेत घेऊन आली.

"तुरा निर्दोष," सोमदंत म्हणाला. "पिसांना तांब्याची झाक हवी तशीच आहे. छाती भरलेली, नजर जागी." मग तो पायांशी आला आणि थांबला. बोट सरळ होते.

जमलेल्यांत कुजबुज सुरू झाली.

"बाई, याचा अर्थ तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. घरची सगळी पिल्लंसुद्धा जातील."

"मग आणलास कशाला?"

विपुलेने कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवला. "गेल्या सालापर्यंत मीही बांधत होते, आर्य. पिल्लू जरा उभं राहायला लागलं की बोट वळवायचं आणि दोऱ्यानं आवळायचं. इथे सगळेच बांधतात. या खेपेला हे ओरडायला लागलं आणि माझा हातच चालेना."

"थोर वंशाची निंदा करते आहे ही," गंडक म्हणाला. पण बाकीचे सगळे जमिनीकडे पाहत होते.

सोमदंताने एक दांडी आडवी धरायला लावली. विपुलेचा कोंबडा तिच्यावर चढला, बोटांनी पक्की मिठी मारून बसला आणि डोळे मिटू लागला. गंडकाचा चढला, घसरला, पुन्हा चढला आणि पुन्हा खाली आला. मुंगसाचे कोडे सुटले. पण मूर्तीचेच बोट वाकडे का, हे अजून कळले नव्हते. सोमदंताने फक्त 'दोष' म्हणायचा अवकाश होता. त्याला प्रधानपद मिळाले असते आणि विपुलेची पिल्ले स्वयंपाकघरात गेली असती. त्याला त्या पिल्लांची फार दया आली.

"महाराज, मला मूर्तीचा पाय धुऊन पाहायचा आहे."

राजाचा चेहरा उतरला. "तिची पूजा होते. तिच्यात खोट काढलीस तर प्रधानपद विसर."

"विसरलो, महाराज," सोमदंत म्हणाला आणि पाण्याचा तांब्या घेऊन चौथऱ्यावर चढला.

पायाखाली वर्षानुवर्षांच्या तेलाचा आणि गंधाचा थर बसला होता. त्याने तो भिजवला आणि काडीने हलकेच खरवडला. कोंबडा ज्या पितळी फांदीवर उभा होता, तिच्यावर एक सरळ खाच निघाली, बोटाएवढीच रुंद, टोकाला नखाच्या खुणेसह. वाकड्या बोटाच्या मुळाशी बारीक चीर होती.

"बोट या खाचेत बसत होते," तो म्हणाला. "कारागिराने ते सरळच घडवले होते. ही मूर्ती केव्हातरी पडली आहे."

मग म्हातारा राजा आसनावरून उठला, चौथऱ्यापाशी आला आणि आपले बोट त्या खाचेत ठेवून उभा राहिला.

"मीच पाडली," तो म्हणाला. "लहान होतो. तिच्या पाठीवर घोडा घोडा खेळत होतो. दाईने ती उभी केली आणि मला गप्प बसायला सांगितलं. पुढे पहिला वाकड्या बोटाचा कोंबडा परीक्षेला आला, तेव्हा मला वाटलं, देवच माझी चूक झाकतो आहे."

राजाच्या डोळ्यांना पाणी आले. विपुलेचा कोंबडा राजाच्या खुराड्यात गेला, कळप कापण्याची रीत त्याच दिवशी बंद झाली, आणि गंडक पिल्लांचे दोरे सोडायला घरी गेला. राजाने प्रधानपद पुन्हा पुढे केले, तेव्हा सोमदंत हात जोडून म्हणाला, "महाराज, मूर्तीच्या शेपटीला कल का, हे अजून पाहायचे राहिले आहे."

भगवान शास्त्यांनी ही कथा जेतवन विहारात भिक्षूंना सांगितली. त्याचे निमित्त असे. तिथल्या एका स्थविराच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूच्या, टाचेत काटा मोडला होता. संकोचाने त्याने कोणाला सांगितले नाही, तो तसाच लंगडत चाले. शिष्यांना वाटले की ही थोर ध्यानाची चाल असावी, आणि तेही ओळीने लंगडत भिक्षेला जाऊ लागले. एका उपासिकेने भात वाढता वाढता विचारले, "भंते, आपण सगळेच एका काट्यावरून गेलात का?"

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, हे आजच घडले असे नाही. तेव्हाचा राजा म्हणजे हा स्थविर. बोटे बांधणारे म्हणजे त्याचे हे शिष्य. विपुला म्हणजे ती उपासिका. आणि सोमदंत तो मीच होतो. जे दिसते ते तसे का, हे विचारणे आणि उत्तर सापडल्यावर लाभासाठी ते न झाकणे, हीच प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची परिपूर्णता."

तेव्हा स्थविराने लाजत आपला पाय पुढे केला.