वाळलेल्या खोडातलं घर

फार पूर्वी एका रानात एक सुतारपक्षी इतरांना घरं कोरून द्यायचा. एकदा त्यानं ऐनाच्या हिरव्या झाडावर चोच मारली आणि झाड कण्हलं. त्या दिवसापासून तो फक्त वाळलेल्या खोडातच घर कोरू लागला.

"वाळक्या लाकडात कोण राहणार?" म्हणत पोपट आणि पिंगळे दुसऱ्या सुताराकडे गेले. पलीकडून पिल्लांचा चिवचिवाट यायचा. तो ऐकत हा एकटाच बसून राहायचा.

एका सकाळी एक दमलेली साळुंकी आली. "दादा, मला वाळलेल्या झाडातच घर हवंय. हिरवं झाड पोखरून राहणं मनाला पटत नाही. सुतार शोधत तीन रानं हिंडले."

"बस ना, ताई," तो कसाबसा म्हणाला.

काम एका दिवसाचं होतं. तिच्याशी बोलत बोलत त्यानं मुद्दाम चार दिवस लावले.