मुंगीच्या दारात फटफटी

बाभळीखाली बीळ, बिळात चार पिल्लं, पिल्लांची आई मुंगी. मुंगी गेली साखर आणायला. कण घेतला डोक्यावर, आली परत. तुरुतुरु तुरुतुरु.

बघते तर दारच नाही! दारावर चाक. चाकावर फटफटी. म्हातारी, गंजकी, ढिम्म.

आतून पिल्लं ओरडली, "आई, भूक! आई, भूक!"

मुंगी म्हणाली, "फटफटीबाई, फटफटीबाई, पुढे सरा की! माझं दार उघडेना!"

"कशी सरू? सकाळपासून बारा किका खाल्ल्या. खुर्र फुस्स, खुर्र फुस्स! कार्बोरेटर मला घोट देईना."

"मग ढकलून घ्या!"

"मी काय हातगाडी आहे? जा, कार्बोरेटरला सांग!"

"अगं बाई, काय हा ताप!"

मुंगी चढली वर. तुरुतुरु तुरुतुरु. कार्बोरेटर बसला होता फटफटीच्या पोटाशी. पेट्रोलात वारा कालवायचा, फटफटीला भरवायचा, एवढंच त्याचं काम.

"कार्बोरेटरभाऊ, कार्बोरेटरभाऊ, घोट द्या की! फटफटी जागची हलेना, माझं दार उघडेना!"

"काय देऊ, कपाळ? वारा आहे, पेट्रोल नाही. माझ्या पोटातला जेट पेट्रोल सोडीना. जा, त्याला सांग!"

"अगं बाई, काय हा ताप!"

मुंगी शिरली आत. तुरुतुरु तुरुतुरु. तिथे जेट. पितळेचा, इवलासा. त्याला भोक, मोहरीहून बारीक.

"जेटदादा, जेटदादा, पेट्रोल सोडा की! कार्बोरेटर घोट देईना, फटफटी जागची हलेना, माझं दार उघडेना!"

जेट गुदमरून म्हणाला, "भोकात धागा अडकलाय गं! मिस्त्रीचाचा काढील तर सोडीन. जा, त्याला सांग!"

"अगं बाई, काय हा ताप!"

मुंगी उतरली खाली. तुरुतुरु तुरुतुरु. युनूसचाचा मिस्त्री टायरवर बसला होता. कपाळाला हात, हाताला काळं.

"चाचा, चाचा, धागा काढा की! जेट पेट्रोल सोडीना, कार्बोरेटर घोट देईना, फटफटी जागची हलेना, माझं दार उघडेना!"

"धागा? आणि मी सकाळपासून प्लग पुसतोय!"

"पेट्रोलात धागा आला कुठून?"

चाचाने मान खाली घातली. "मीच गाळलं. जुन्या फडक्यातून. चहा गाळतात तसं. कचरा जाऊ नये म्हणून."

"आणि फडक्याचाच धागा गेला! काढा आता!"

"कशाने काढू? तार घातली तर भोक मोठं होईल. मग ही ढसाढसा पेट्रोल पिईल आणि धूर ओकेल. शेळीच्या शेपटीचा केस हवा. जा, तिला सांग!"

"अगं बाई, काय हा ताप!"

मुंगी गेली शेळीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"शेळीमावशी, शेळीमावशी, केस दे की! चाचा धागा काढीना, जेट पेट्रोल सोडीना, कार्बोरेटर घोट देईना, फटफटी जागची हलेना, माझं दार उघडेना!"

"फुकट? बाभळीची शेंग आण, मग देईन."

"एका केसाची एवढी मिजास?"

"माझ्या शेपटीला केस आहेत किती, मोज की! जा, बाभळीला सांग!"

"अगं बाई, काय हा ताप!"

मुंगी गेली बाभळीकडे. तुरुतुरु... तुरु... तुरु. पाय दुखले.

"बाभळआजी, बाभळआजी, शेंग टाक की! शेळी केस देईना, चाचा धागा काढीना, जेट पेट्रोल सोडीना, कार्बोरेटर घोट देईना, फटफटी जागची हलेना, माझं दार उघडेना!"

बाभळ म्हणाली, "टाकली असती गं. पण वारा पडलाय. मला हलवील कोण? जा, वाऱ्याला..."

"नाही!" मुंगी ओरडली. "आता मी कुठ्ठे जाणार नाही!"

साखर ठेवली खाली. चढली बाभळीवर. काटा चुकव, पुढे चल. काटा चुकव, पुढे चल. शेंगेचं देठ धरलं आणि चावली. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र, कुर्र!

टप्प! शेंग पडली.

शेळीने शेंग खाल्ली, शेळीने केस दिला. चाचाने केस घातला, चाचाने धागा काढला. फू! जेटने पेट्रोल सोडलं. कार्बोरेटरने घोट दिला. चाचाने किक मारली.

खुर्र... फुस्स.

"आता काय?" मुंगी किंचाळली.

"थांब गं बाई!" चाचाने आणखी एक मारली.

खुर्र... खुर्र... फट्! फट् फट् फटाफट!

फटफटी सरली. चाक सरलं. दार उघडलं!

मुंगीने साखर उचलली, धावत आत गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

पिल्लं म्हणाली, "आई, इतका उशीर?"

"काय सांगू बाळांनो! बाभळ शेंग टाकीना, शेळी केस देईना, चाचा धागा काढीना, जेट पेट्रोल..."

"आई! आधी साखर!"

"अगं बाई," मुंगी म्हणाली, "घ्या!"

कुटुम कुटुम, कुटुम कुटुम. साखर संपली, गोष्ट सरली.