थोरल्या मिस्त्रींचा गुण्या

एका गावात गवंडी आणि सुतारच जास्त होते. आसपासच्या वीस गावांत कुठेही भिंत उभी करायची असली, की निरोप याच गावाला यायचा. कारण एकच, या गावाचा कोपरा कधी चुकत नसे.

कोपरा तपासायला प्रत्येकाकडे गुण्या असायचा. गुण्या म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन लोखंडी पट्ट्या. दिसायला अगदी साधा, पण केसभर जरी फाकला तरी घर वाकडं. म्हणून गावाने एक रीत ठेवली होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, की सगळ्यांनी आपापले गुण्ये चावडीपुढच्या सपाट शिळेवर आणायचे. थोरले मिस्त्री आपला गुण्या शिळेवर उभा करत, समोरच्याचा त्याला भिडवत आणि एक डोळा मिटून बघत. मधून उजेड दिसला नाही तर गुण्या खरा. दिसला तर खोटा. खोटा गुण्या तिथेच घणाखाली मोडायचा आणि त्याच्या मालकाने पुढच्या नवमीपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही, नुसता गारा, म्हणजे भिंतीसाठी कालवलेला चिखल, वाहायचा.

आता दोघांतला खोटा कोणता, हे काही उजेड सांगत नाही. पण थोरल्या मिस्त्रींचा गुण्या खोटा असेल, हे कुणाच्या स्वप्नातही येत नव्हतं.

एका वर्षी नवमीला आठ दिवस उरले होते. थोरले मिस्त्री परांचीवर बसून पान लावत होते. मांडीवरचा गुण्या घसरला आणि खाली दगडावर ठणकन आदळला. मिस्त्री लगबगीने उतरले. कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी गुण्या धोतराला पुसला, फिरवून फिरवून बघितला. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"काही झालेलं नाही," ते स्वतःलाच म्हणाले.

पडलेला गुण्या कसा तपासायचा, हे त्यांनीच अर्ध्या गावाला शिकवलं होतं. फळीच्या कडेला गुण्या लावून एक रेघ मारायची. मग गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी मारायची. रेघा एकावर एक आल्या तर खरा, फाकल्या तर खोटा. घरी गेल्यावर मिस्त्रींनी फळी घेतली, एक रेघ मारली आणि गुण्या हातात धरून बराच वेळ बसून राहिले. तो त्यांच्या वडिलांचा गुण्या होता. शेवटी त्यांनी फळी भिंतीला टेकवली आणि बायकोला म्हणाले, "वाढ गं जेवायला." दुसरी रेघ राहूनच गेली.

नवमी उजाडली. सगळ्यांत पुढे एक डावखुरा गवंडी उभा होता. त्या वर्षी गावात धर्मशाळा बांधायची होती आणि तिच्या दर्शनी भिंतीचं काम त्याला मिळालं होतं. आयुष्यातलं पहिलं मोठं काम, म्हणून गडी पहाटेपासून येऊन थांबलेला.

मिस्त्रींनी गुण्याला गुण्या भिडवला आणि डोळा मिटला.

"उजेड दिसतोय."

"मिस्त्री, कालच उलटासुलटा करून बघितलाय मी. पुन्हा एकदा बघा ना."

"बघितलं ते बघितलं."

घण पडला. गुण्या सांध्यातून तुटला. डावखुऱ्याने दोन्ही तुकडे उचलून उपरण्यात बांधले आणि खाली मान घालून तो बाजूला झाला.

पुढे आला म्हातारा सुतार. त्याचा गुण्या वीस वर्षं याच शिळेवर खरा ठरला होता. मिस्त्रींनी तो भिडवला आणि डोळा मिटला. तोच उजेड, तेवढाच.

आता सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण सगळा गाव बघत होता, वडिलांचा गुण्या हातात होता, आणि मोडलेला गुण्या काही पुन्हा अखंड होणार नव्हता, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

"खरा," मिस्त्री म्हणाले. त्या दिवशी त्यानंतरचे सगळेच गुण्ये खरे ठरले.

दिवाळीनंतर धर्मशाळेच्या पायाची आखणी निघाली. मिस्त्रींनी स्वतः गुण्या लावला. ते दाखवतील तिथे डावखुरा खुंटी ठोकत होता, कारण त्याला आता तेवढंच काम होतं. पहिला कोपरा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. बघणाऱ्याला सगळं झकास दिसत होतं. चौथ्या कोपऱ्यावरून सूत पुन्हा पहिल्या खुंटीकडे आणलं, तर ते खुंटीपासून सव्वा हात लांब!

आखणी बघायला आलेल्या पाटलांचा पारा चढला. "खुंट्या कुणी ठोकल्या?"

"यानेच," दोघेतिघे म्हणाले. "आधीच याचा गुण्या खोटा निघालेला."

"मग हाकला त्याला कामावरून. गाराही नको याच्या हातचा."

"पाटील, माझ्याकडे गुण्या आहे कुठे?" डावखुरा म्हणाला. "मिस्त्रींनी दाखवलं तिथे ठोकल्या." एवढं बोलून तो मिस्त्रींकडे बघत राहिला.

मिस्त्रींना ती नजर सोसवेना. "थांबा," ते म्हणाले. त्यांनी एक फळी मागवली. तिच्यावर रेघ मारली. गुण्या उलटा केला आणि इतके दिवस राहिलेली दुसरी रेघ मारली. दोन्ही रेघा एकाच जागेवरून निघाल्या आणि वर जाता जाता फाकल्या. टोकाला मध्ये चांगलं बोट मावत होतं.

"नवमीच्या आधी पडला होता," मिस्त्री म्हणाले. "मला शंका होती, पण बघायची हिंमत झाली नाही. म्हाताऱ्याच्या गुण्यातून उजेड दिसला तेव्हा तर खात्रीच झाली, तरी गप्प राहिलो. या माणसाचा खरा गुण्या मी मोडला."

पाटील ओशाळले. "जाऊ द्या मिस्त्री. लोखंड आहे, पडायचंच. ठोकून घ्या जरा."

"आणि रीत?"

मिस्त्री शिळेपाशी गेले. वडिलांचा गुण्या त्यांनी स्वतःच्या हाताने घणाखाली मोडला. घाव घालताना त्यांना रडू आलं, ते त्यांनी लपवलं नाही. मग गाऱ्याचं घमेलं उचलून डोक्यावर घेतलं आणि डावखुऱ्याला म्हणाले, "आखणी तू कर. मी गारा देतो."

म्हाताऱ्या सुताराने आपला गुण्या डावखुऱ्याच्या हातात ठेवला. त्या दिवशी चौथा कोपरा बरोबर खुंटीवर आला.

मिस्त्रींनी वर्षभर गारा वाहिला. पहिले चार दिवस लोक हसले. मग धर्मशाळेच्या भिंती ओळंब्यात चढू लागल्या आणि लोकांचं हसू थांबलं.

पुढची नवमी आली. शिळेवर आता कुणाचा गुण्या उभा करायचा, हा प्रश्नच होता. मिस्त्रींनी फडक्यातून एक गुण्या काढला. डावखुऱ्याचे ते दोन तुकडे मागून घेऊन त्यांनी लोहाराकडून जोडून आणले होते आणि महिनाभर बसून कानसले होते. सगळ्यांसमोर त्यांनी एक रेघ मारली, गुण्या उलटा केला, दुसरी मारली. दोन रेघांची एकच रेघ झाली.

"आजपासून गावाचा गुण्या हा," मिस्त्री म्हणाले आणि तो ज्याचा त्याच्या हातात दिला.

डावखुऱ्याने तो शिळेवर उभा केला. पण पहिल्या माणसाला हाक मारण्याआधी त्याने स्वतः गुण्या उलटा करून पुन्हा रेघ मारली. त्या गावात अजूनही नवमीला आधी हेच होतं. नंतर बाकीच्यांना बोलावतात.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याला वाकडं ठरवण्याआधी आपला गुण्या उलटा करून बघावा, आणि तो हातून पडला असेल तर त्याच दिवशी सांगून टाकावं.