वस्तऱ्याची मूठ

एके काळी रंगोबा न्हाव्याने शिसवीच्या दोन पट्ट्या तासल्या, मध्ये फट ठेवून खिळ्याने जोडल्या आणि वस्तऱ्याला नवी मूठ केली. मूठ हरखली. पण दाढी करताना रंगोबाने पात्याचा दांडाच चिमटीत धरला; मूठ नुसती हवेत लोंबत राहिली.

“धरायचंच नव्हतं, तर मला केलं कशाला?” तिने गोंधळून पात्याला विचारलं.

“मला तरी काय ठाऊक, बाई? काम संपलं की मला तुझ्या फटीत कोंडतात.”

मूठ आणखीच चक्रावली. खिळा सोडून गळून पडावं, असंही तिला वाटलं.

रंगोबाने वस्तरा मिटून धोकटीत टाकला. मग गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, न बघताच, फणीसाठी आत हात घातला. चाचपडणारी बोटं मुठीवरून फिरली आणि फणी घेऊन सुखरूप बाहेर गेली.

“हलू नकोस,” मूठ पात्याला हळूच म्हणाली.